खिडकीवरचे चार ठोके

मित्रांनो, तुम्ही माझ्यावरून सायकल घेऊन गेलात तर तुम्हाला मी साधाच लाकडी पूल वाटेन. दरवर्षी मला पांढरा रंग देतात आणि कठड्याला फुलांच्या कुंड्या टांगतात. पण जरा मान वर करून बघा. एका काठावर दोन उंच खांब आहेत. त्यांच्या डोक्यावर दोन लांब तुळया आडव्या आहेत. तुळयांच्या पुढच्या टोकांपासून माझ्या फळ्यांपर्यंत साखळ्या उतरल्या आहेत. त्या साखळ्या शोभेसाठी नव्हत्या. मी एक जुना उचलता पूल आहे. बोट आली की मी उभा राहत असे. आता मला खाली खिळून टाकले आहे.

माझा जन्म नेदरलँड्सच्या उत्तरेला, फ्रीसलंडमधल्या एका संथ नदीवर झाला. पूर्वेला गाव आणि चर्च, पश्चिमेला पुलाच्या राखणदाराचे छोटे घर आणि पुढे नुसती कुरणे. मला ओक लाकडाचे बनवले. माझ्या तुळयांच्या मागच्या टोकाला एक पेटी आहे, तिच्यात दगड भरले आहेत. ते दगड आणि माझ्या फळ्या यांचे वजन जवळजवळ सारखे. त्यामुळे साखळी जरा ओढली की पेटी खाली येते आणि मी वर जातो. बनवणाऱ्या सुताराने पहिल्या दिवशी आपल्या म्हाताऱ्या आईला साखळी ओढायला लावली. तिने एका हातात कॉफीचा पेला धरून दुसऱ्या हाताने मला उभे केले. कॉफी सांडली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यातले सगळ्यात मोठे कौतुक तेच.

पाऊस लागला की मात्र माझ्या फळ्या पाणी पितात आणि जड होतात. मग मला उचलायला अंगात जोर लागतो. हे लक्षात ठेवा.

माझ्यावर आधी दोन राखणदार होऊन गेले. तिसरा गोस्से. तो आला तेव्हा त्याचे नुकतेच लग्न झाले होते. बायकोचे नाव बाउक्ये. मी माणसांना पावलांच्या वजनावरून ओळखतो. गोस्से टाचांवर जोर देऊन चालायचा. बाउक्ये भराभर चालायची, आणि मधल्या फळीवर आली की दर वेळी थांबून पाण्यात बघायची. का बघायची, ते तिने कधी कुणाला सांगितले नाही.

पहिल्याच वर्षी गोस्सेच्या हातून चूक झाली. आमच्याकडे पानगळीत साखरेच्या बिटाचा हंगाम असतो. शेतातले बीट बोटींत भरून कारखान्याला जाते. बोटी एकामागोमाग एक येतात, आणि भरलेली बोट प्रवाहात पटकन थांबत नाही. साखळ्या पूर्वेच्या काठावर, तिथून नदीचे वळण दिसत नाही. मध्ये झाडे आहेत. गोस्सेने एक बोट जाऊ दिली आणि मला खाली सोडले. तिच्या मागे दुसरी होती. ती येऊन माझ्या कडेवर आदळली. माझी दोन लाकडे फुटली आणि बोटवाल्याचा हात मोडला. त्या धडकेची खूण माझ्या अंगावर अजून आहे.

त्या दिवशी बाउक्ये म्हणाली, "तुला वळण दिसत नाही, पण आपल्या स्वयंपाकघरातून दिसतं. मी बघत जाईन."

"आणि मला सांगणार कशी? मी त्या काठावर, पूल वर गेलेला."

"चमच्याने खिडकीवर ठोकेन. एक बोट, एक ठोका. तेवढं मोजता येतं ना तुला?"

तेव्हापासून ते चालू झाले. वळणावरून भोंगा वाजायचा. लांब, आखूड, लांब. म्हणजे, पूल उघडा. गोस्से पश्चिमेचे फाटक लावायचा, माझ्यावरून पूर्वेला यायचा, तिकडचे फाटक लावायचा, खिटी काढायचा आणि साखळी ओढायचा. मी उभा राहायचो. मग पाण्यापलीकडून ठोके यायचे. दोन ठोके आले तर दोन बोटी जाईपर्यंत गोस्से साखळी सोडत नसे. एकोणीस वर्षांत बाउक्येची मोजणी एकदाही चुकली नाही. मधे लढाई आली. सैनिक माझ्यावरून गेले, परत आले. ठोके थांबले नाहीत.

पुलाचा कर घ्यायची आमची पद्धत तुम्हाला गमतीची वाटेल. गोस्सेकडे एक गळाची काठी होती. तिच्या दोरीला त्याने लाकडी जोडा बांधला होता. बाउक्येच्या डाव्या पायातला. उजवा फुटला म्हणून डावा या कामाला आला. बोट जाताना गोस्से तो जोडा बोटीवर झुलवायचा आणि बोटवाले त्यात नाणे टाकायचे. त्या बोटवाल्यांत हिल्के नावाचा एक होता, मोठा थट्टेखोर. तो एकदा जोड्यात कांदा ठेवून गेला.

"हिल्के, सरकारला कांदा पाठवू काय रे?" गोस्से ओरडला.

"पाठव की! रडतील तरी जरा!"

खिडकीतून बाउक्येचे हसणे इथपर्यंत ऐकू आले. तिचा आवाज मोठा होता. ती गोस्सेला म्हणायची, "भोंगा वाजला की तुझे कान टवकारतात. मला मात्र तीन वेळा हाक मारावी लागते."

"तुझी हाक मला ऐकू येते," गोस्से म्हणायचा. "पण ती अख्ख्या गावालाही ऐकू जाते. मग मला वाटतं, दुसरं कुणीतरी जाईल."

अशी त्यांची बोलणी. मी ती खूप ऐकली आहेत.

मग एकोणिसाव्या वर्षीच्या उन्हाळ्यात बाउक्येच्या छातीत दुखायला लागले. गावातून डॉक्टर हामस्ट्रा फटफटीवरून आले. जाताना माझ्यावर उभे राहून गोस्सेला म्हणाले, "हृदय थकलंय तिचं. पुन्हा दुखलं तर मिनिटभरही थांबू नका. माझ्याकडे औषध आहे, पण ते वेळेत टोचावं लागतं."

गोस्सेने घरी जाऊन सांगितले, की मी काम सोडतो, दुसरा माणूस आणू दे सरकारला.

"आणि घरात बसून काय करशील?" बाउक्ये म्हणाली. उन्हाळा होता, खिडकी उघडी होती. "माझं तोंड बघत बसशील? आणि हे घर पुलाचं आहे. काम सोडलंस की घरही सोडायचं. बोटी काय उडत जाणार आहेत? माझी खाट खिडकीशी लाव. मी आपली बसल्या बसल्या मोजते. मोजायला डोळे लागतात, हृदय लागत नाही."

"आणि मी त्या काठावर असताना दुखलं तर?"

"हाक मारीन. माझी हाक अख्ख्या गावाला जाते, तूच म्हणतोस."

त्याला ते पटले. मलाही पटले. हाक मारायला छातीत जोर लागतो, ही गोष्ट आम्हा तिघांपैकी कुणाच्याही ध्यानात आली नाही.

आता मी जे सांगणार आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही.

ऑक्टोबर महिना होता. शुक्रवारची सकाळ. चार दिवस पाऊस लागलेला आणि माझ्या फळ्या भिजून जड झालेल्या. भोंगा वाजला. गोस्सेने पश्चिमेचे फाटक लावले. खिडकीपाशी थांबून त्याने टोपी हलवली. आत बाउक्येने ताकातल्या कण्यांची वाटी मांडीवर धरली होती. तिने चमचा वर करून दाखवला. तो माझ्यावरून पूर्वेला गेला आणि दोन्ही हातांनी, सगळे अंग टाकून त्याने साखळी ओढली. मी वर गेलो.

मित्रांनो, मी वर गेलो म्हणजे कसा जातो ते नीट समजून घ्या. माझ्या फळ्या खांबांपाशी सरळ उभ्या राहतात, भिंतीसारख्या. साखळीपाशी उभ्या असलेल्या माणसाला मग समोरचा काठ दिसत नाही. घर दिसत नाही. खिडकी दिसत नाही. मीच मध्ये असतो.

एक ठोका आला. मग थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा आणि चौथा, लागोपाठ.

"चार," गोस्से स्वतःशी म्हणाला. बिटाचा हंगाम होता, चार बोटी म्हणजे काही नवल नव्हते. त्याने साखळी खुंटीला गुंडाळली आणि जागेवरूनच गळाची काठी लांब धरली.

पहिली बोट हिल्केची होती. "काय रे, बायको बरी आहे का?" हिल्केने विचारले.

"कण्या खातेय. ताक आंबट आहे म्हणून मला शिव्या देतेय."

"मग बरीच आहे!"

त्याने जोड्यात नाणे टाकले आणि तो गेला. मागे किती बोटी आहेत, हे गोस्सेने त्याला विचारले नाही. एकोणीस वर्षांत कधी विचारले नव्हते. बाउक्येने मोजल्यावर विचारायचे कशाला?

मी वर होतो. झाडांच्याही वर. मला वळण दिसत होते. वळणाच्या पलीकडे पवनचक्कीपर्यंतची नदी दिसत होती. नदी रिकामी होती. हिल्केच्या मागे एकही बोट नव्हती.

मला खिडकीही दिसत होती. चमचा काचेला टेकलेला होता. मग तो दिसेनासा झाला.

तेवढ्यात डॉक्टर हामस्ट्रा गावाकडून आले. दर शुक्रवारी ते तिला बघायला येत. फाटकापाशी त्यांनी फटफटी बंद केली.

"किती बाकी आहेत?"

"तीन, डॉक्टरसाहेब. चार ठोके आले होते."

"तिने मोजलंय ना? मग तीनच." डॉक्टरांनी पाइप पेटवला. "खाली घेतोस का क्षणभर? मी पटकन गेलो असतो."

"पहिल्या वर्षी असंच खाली घेतलं होतं. एकाचा हात मोडला माझ्यापायी. आणि पूल भिजलाय. एकदा खाली गेला की परत उचलायला वेळ लागतो. भरलेल्या बोटी, थांबायच्या नाहीत."

"नको तर. मला कुठं घाई आहे."

ते दोघे माझ्या मागे उभे राहून बोलत होते. बटाट्यांना लागलेली कीड, डॉक्टरांच्या मुलीचे लग्न, नव्या पाद्र्याचा बारीक आवाज. डॉक्टरांची कातडी पिशवी त्यांच्या खांद्याला होती. औषध त्या पिशवीत होते. गोस्से हसत होता. मी फक्त पडायला हवे होते. साखळी तुटली असती, खुंटी निसटली असती, काहीही चालले असते. पण मला चांगल्या सुताराने बनवले होते. मी जागचा हललो नाही.

पंधरा मिनिटे गेली. डॉक्टरांचा पाइप विझला.

"काय रे गोस्से, या बोटी रांगत येतायत की काय?"

"येतील. बाउक्ये चुकत नाही." मग तो थांबला. मग पुन्हा म्हणाला, अगदी हळू, "बाउक्ये चुकत नाही."

त्याने खुंटीवरून साखळी सोडली, ती हातात न धरता. मी धाडकन खाली आदळलो. मी पूर्ण टेकण्याआधीच त्याचा पाय माझ्यावर पडला होता. तो धावला. डॉक्टर त्याच्या मागे धावले. मला त्यांच्या वजनावरून सगळे कळत होते.

बऱ्याच वेळाने डॉक्टर एकटे बाहेर आले आणि माझ्या मधल्या फळीवर उभे राहिले. मग गोस्से आला. त्याच्या हातात चमचा होता.

"वाटीला हातही लावला नव्हता तिने," तो म्हणाला. "डॉक्टरसाहेब, तुम्ही लगेच गेला असतात तर?"

"लगेच गेलो असतो तरी..." डॉक्टर म्हणाले.

"पुरं करा ना वाक्य."

"मला माहीत नाही रे," डॉक्टर म्हणाले. "खरंच माहीत नाही."

आमच्याकडे शेजारी मयताचे सगळे करतात. त्यांनी आरसा झाकला, घड्याळ बंद केले, तिला कपडे घातले. चर्च पूर्वेला, म्हणून शवपेटी माझ्यावरूनच जाणार होती. त्या दिवशी वळणावर बोटी थांबल्या होत्या. त्यांची निशाणे अर्ध्यावर होती. कुणीही भोंगा वाजवला नाही. त्या दिवशी खरोखरच चार बोटी होत्या. मी मोजल्या.

सहा माणसांनी तिला उचलले होते. मधल्या फळीवर ते थांबले नाहीत. त्यांना माहीत नव्हते की तिथे थांबायचे असते. रीतीप्रमाणे चर्चभोवती तीन फेऱ्या घालून तिला पुरले.

गोस्सेने काम सोडले नाही. मी वाट बघत होतो की तो मला लाथ मारेल, शिवी देईल. त्याने काहीच केले नाही. माझ्या साखळ्यांना तो पूर्वीसारखेच तेल घालायचा. फक्त त्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येक बोटीला तो विचारायचा, "मागे किती?" बोटवाले सांगायचे. नवी, तरुण माणसे हसायची. एकाने तर चेष्टेत "शंभर!" म्हटले. पुढच्या घाटावर हिल्केने त्याला काय सांगितले कोण जाणे, परतीच्या वेळी त्या माणसाने डोक्यावरची टोपी काढली होती.

जोडाही तोच राहिला. बाउक्येचा डावा.

वर्षे गेली. कालव्यांच्या कडेने रस्ते झाले आणि बीट मालमोटारींतून जाऊ लागले. बोटी कमी झाल्या. मग महिन्याला एखादी आणि मग तीही नाही. माझे दगड शेवाळले. एके दिवशी नगरपालिकेचे पत्र आले: पूल कायमचा खाली ठेवायचा. लोखंडी पट्ट्या ठोकायला माणसे उद्या येतील.

त्या दुपारी हिल्के बस पकडून आला. गोस्सेनेच त्याला बोलावले होते. हिल्केने बोट विकली होती आणि तो काठी टेकत चालत होता.

"एक काम कर," गोस्से म्हणाला. "मी पूल वर घेतो. तू स्वयंपाकघरात जा. खिडकीवर चमच्याने चार ठोके मार. मोठ्याने नको. आजारी माणूस मारेल तसे. एक, मग थांबून एक, मग दोन लागोपाठ."

"गोस्से, गड्या, कशाला हे? चौदा वर्षं झाली."

"उद्या पट्ट्या मारतायत. मग कधी?"

हिल्के घराकडे गेला. गोस्से साखळीपाशी आला. त्याच्यात आता जोर राहिला नव्हता. तीनदा थांबत त्याने मला वर घेतले. माझ्या फळ्या त्याच्यासमोर भिंतीसारख्या उभ्या राहिल्या. त्याने डोळे मिटले.

ठोका आला. मग एक. मग दोन.

ठोके थांबल्यावर त्याने डोळे उघडले. मग त्याने मला खाली घेतले, अगदी हळू, आदळू न देता. हिल्के चालत माझ्यावर आला.

"काय कळलं?"

"काही नाही," गोस्से म्हणाला. "ती बोटींसाठी मारायची तसाच आवाज. अगदी तसाच."

"बघ! मग तुझी काय चूक? कुणालाही कळलं नसतं."

गोस्सेने मान हलवली. "कळलं नसतं. पण साखळी बांधली होती, हात मोकळे होते. फळ्यांच्या कडेला येऊन एकदा तिकडे बघायला मला काय झालं होतं? दहा पावलं होती, हिल्के."

हिल्केने चमचा त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मला पट्ट्या मारल्या. त्यानंतर दोन हिवाळ्यांनी गोस्सेही माझ्यावरून पूर्वेला गेला, सहा माणसांच्या खांद्यावर. वळणावर एकही बोट नव्हती. आता त्या घरात सुट्टीला येणारी माणसे राहतात. खिडकीत त्यांनी कुंडी ठेवली आहे. मुले माझ्यावर उभी राहून पाण्यात खडे टाकतात. माझी छायाचित्रे काढतात.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागायचे असते. जुना पूल म्हणतो, मला रंग द्या, मला तोडू नका. मला तसले काही नको. तोडायचा असेल तर तोडा. मी उघडलो काय आणि मिटलो काय, आता कुणाचे काही अडत नाही.

एवढेच सांगतो. तुमच्या घरातही कुणाची तरी कसली तरी रोजची सवय असेल. भांडे वाजवणे, खोकणे, दार लावणे. तो आवाज तुम्हाला इतका पाठ असेल की तुम्ही तो ऐकता आणि जागेवरूनच म्हणता, हां, कळलं. तसे म्हणू नका. उठा, दहा पावले जा आणि बघा.

नदी रिकामी होती. मला दिसत होती. मला बोलता येत नव्हते आणि चालताही येत नव्हते.

तुम्हाला येते.